पस्तीस किलोंचा गारवा

वर्धा जिल्ह्यातल्या उन्हात गाडीचा एसी काढून टाका, असं पैसे देऊन सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याच्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती, म्हणून तो जरा जास्तच लक्षात राहिला.

मी मूळचा चंदगडकडचा. चार महिने छत्री मिटत नाही आणि उरलेले आठ महिने वाळत नाही, असा तो मुलूख. नववीत शाळा सुटली. मी तिला सोडलं की तिनं मला, यावर घरात मतभेद होते. पण सुटली याबद्दल कुणालाच वाईट वाटलं नाही. कोल्हापुरात एका फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात सहा वर्षं काढली. गॅस भरायला शिकलो, गळती शोधायला शिकलो. मग त्या दुकानमालकाच्या वर्ध्यातल्या एका मित्राला गाड्यांचे एसी जाणणारा माणूस हवा होता. मालक म्हणाले, एका उन्हाळ्यापुरता जा. वर्ध्याचा उन्हाळा संपतो असं त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. मी गेलो तो नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा, आणि ही गोष्ट घडली तेव्हा मला तिथं पाच वर्षं झाली होती.

ज्यांच्याकडं गेलो त्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांचे वडीलसुद्धा. मीही भाऊच म्हणू लागलो. दुकानाच्या मागं त्यांनी मला एक खोली दिली, खोलीला एक कूलर दिला आणि दोन वेळचा डबा त्यांच्या घरून यायचा. पहिल्याच महिन्यात मला ऊन लागलं. तेव्हा वहिनींनी तीन दिवस मला कैरीचं पन्हं पाजलं, खिशात कांदा ठेवायला लावला आणि वर म्हणाल्या, "कोल्हापूरचे पहेलवान असतेत म्हणे. हा तं नुसता वासच घेऊन आला पहेलवानाचा." माझ्या आईनं माझ्यासाठी जागलेल्या रात्री मला आठवत नाहीत, पण हे तीन दिवस आठवतात. या माणसांचं आपल्यावर फार झालं आहे, असं मला रोज वाटायचं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी हेही वाटायचं, की यांना लवकरच कळणार, याला काही येत नाही. दर शनिवारी मी मनातल्या मनात पेटी भरत असे. परत जायचं म्हणजे गावी भावाच्या घरी राहून काजूच्या कारखान्यात बिया फोडत बसायचं. त्या तेलानं काळी झालेली बोटं मी लहानपणी घरातल्या सगळ्या बायकांच्या हातांना पाहिली होती.

दुकानाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे सिंदी रेल्वेतल्या एका जिनिंगचे, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस घेऊन सरकी काढायच्या कारखान्याचे, शेठजी. त्यांच्या ऑफिसातले एसी, घरचे एसी, दोन गाड्या, सगळं भाऊंकडं. शेठजी माणूस सरळ होता असं सगळे म्हणत. कुठल्या बाबतीत, ते कुणी सांगत नसे.

त्यांचा मुलगा चार वर्षं पुण्यात इंजिनिअरिंग शिकून परत आला होता. पदवी आली की नाही ते माहीत नाही, पण गाडी आली. लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेली. गावात पहिल्या दिवशी ती बैलबंडीच्या मागं अडकली आणि बंडीवाल्याला आरशात दिसलीच नाही, कारण बंडीला आरसा नसतो आणि असता तरी इतक्या खाली पाहायची त्याला सवय नव्हती. मुलाची भाषा पुस्तकी झाली होती; राग आला की मात्र ती पुन्हा सिंदीची व्हायची.

फेब्रुवारी संपत आला होता. त्यानं भाऊंना आणि मला जिनिंगवर बोलावलं आणि सायबर कॅफेतून छापून आणलेला एक कागद पुढं धरला.

"भाऊ, हे सगळं काढायचं."

"काय काढाचं?"

"एसी. हीटर. ब्लोअर. त्याचे पाइप, त्याच्या पेट्या. सगळं. गाडी हलकी करायचीय."

भाऊंनी कागदाकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, मग वर सूर्याकडं पाहिलं. "अन मंग बसाल कसे त्यात?"

"रेसमध्ये कुणी बसायला जात नाही, भाऊ. पळवायला जातात."

नागपूरच्या बाजूला एका मोकळ्या धावपट्टीवर मार्चमध्ये गाड्या पळवायचा कार्यक्रम होता. नऊशे किलोच्या आतल्या गाड्या एका गटात, वरच्या दुसऱ्या गटात. वरच्या गटात बापांच्या पैशानं घेतलेल्या फार मोठ्या गाड्या होत्या. याला आतल्या गटात शिरायचं होतं. जिनिंगच्या काट्यावर, म्हणजे कापसाच्या बंड्या आणि ट्रक जिथं मोजतात त्या मोठ्या वजनकाट्यावर, त्यानं गाडी चढवून पाहिली होती. नऊशे तीस भरली. तीस किलो जास्त. कागदात लिहिलं होतं की एसी आणि हीटर काढले की तीसच्या वर सहज जातात. कागद लिहिणारा गोरा माणूस ज्या गावात राहत होता तिथं बर्फ पडत असणार, पण बर्फाबद्दलचा परिच्छेद मुलानं छापून आणला नव्हता. तो स्वतः नव्वद किलोच्या आसपास होता. ड्रायव्हर काढून टाका असंही कागदात कुठं नव्हतं.

भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेठचा पोट्टा हाये. निगुतीनं करजो. एक खिळा बी मोडला तं उन्हाळाभर आपलं काम जाते."

झालं. मला रात्रीची झोप जायला एवढं वाक्य पुरेसं होतं.

काम तीन दिवस चाललं, जिनिंगच्या एका रिकाम्या शेडमध्ये. मी तोवर गाड्यांत गारवा बसवला होता, दुरुस्त केला होता, लोकांच्या शिव्या खाऊन वाढवला होता; काढून कधी टाकला नव्हता. आधी गॅस सोडला. मग इंजिनापुढचा कंडेन्सर, मग कॉम्प्रेसर, मग त्याचा लोखंडी पाट. नंतर आतला डॅशबोर्ड पूर्ण उतरवला आणि त्याच्या पोटातून ती काळी प्लॅस्टिकची पेटी काढली, जिच्यात एका बाजूला थंड कॉइल आणि दुसऱ्या बाजूला हीटरचा छोटा रेडिएटर असतो. त्या हीटरवर जिनिंगमधल्या माणसांनी फार प्रेम केलं. रोज दोघे-तिघे येऊन बघून जायचे.

"हे काय होय, दादा?"

"हीटर. गाडी आतून गरम करायला."

"गाडी गरम कराले?" तो माणूस बाहेरच्या उन्हाकडं बघायचा. "अन याचे येगळे पैसे घेतेत का कंपनीवाले?"

हीटरचे दोन पाण्याचे पाइप एकमेकांना जोडून मी रस्ता बंद केला. कॉम्प्रेसर गेल्यावर बेल्ट मोठा झाला, म्हणून वर्ध्याला जाऊन आखूड बेल्ट शोधून आणला. इंजिन आणि आतल्या जागेमधल्या पत्र्याला भोकं उरली, त्यांवर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून रबर लावून बसवला. काढलेल्या प्रत्येक वस्तूला मी चिंधी बांधून, ती कुठली ते लिहून एका पोत्यात ठेवत होतो, कारण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. शेठचा मुलगा बाजूला खुर्ची टाकून बसायचा. मी एखादी क्लिप काढली की ती तळहातावर तोलून म्हणायचा, "वीस ग्रॅम." समोसा खाताना मात्र त्याला वजनं दिसत नसत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी पुन्हा जिनिंगच्या काट्यावर चढली. आठशे पंच्याण्णव. पस्तीस किलो कमी. मुलानं मला मिठी मारली. त्याच्या शर्टाला माझ्या हाताचं ग्रीस लागलं तरी तो काही बोलला नाही, यावरून त्याला किती आनंद झाला होता ते समजावं. त्या रात्री मी पेटी भरली नाही.

कार्यक्रमवाल्यांना मात्र घरच्या काट्याचं वजन चालणार नव्हतं. बाहेरच्या धरमकाट्याची छापील पावती हवी होती. म्हणून दोन दिवसांनी सकाळी सेलूजवळच्या रस्त्यावरच्या धरमकाट्यावर आम्ही गेलो. मुलगा गाडीत, खिडक्या उघड्या टाकून, नवा चष्मा लावून. मागं स्कूटरवर भाऊ आणि मी. आमच्या पुढं कोबीनं भरलेला एक टेम्पो होता. कोबीवाला माणूस मोजून झाल्यावरही खाली उतरून थांबला. अशी गाडी मोजताना पाहायला मिळते ती रोज थोडीच.

काटेवाल्यानं पावती फाडून हातात दिली. नऊशे पंचेचाळीस.

मुलानं पावती उलटी करून पाहिली. मागच्या बाजूला वजन कमी असेल अशी त्याची अपेक्षा असावी. "पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. नऊशे पंचेचाळीस.

आता हिशेब असा झाला: एसी होता तेव्हा गाडी नऊशे तीसची होती, आणि पस्तीस किलो सामान काढल्यावर ती नऊशे पंचेचाळीसची झाली. एसी काढला की गाडीचं वजन वाढतं, हा शोध मी लावला होता.

मुलगा माझ्याकडं वळला. पुस्तकी भाषा संपली होती. "काय केलं बे तू? काय भरलं गाडीत?"

"मी काहीच भरलं नाही. काढलं फक्त. तुम्ही समोरच बसला होतात."

"मंग पन्नास किलो आलं कोठून? आभायातून पडलं?" मग भाऊंकडं: "मी म्हनलं होतं ना, गावातला माणूस पाहा. बाहेरचा माणूस हाये, याले काय घेनंदेनं. पत्र्याच्या आत काहीतरी जड लावून ठेवलं यानं."

"कशाले लावीन थो?" भाऊ म्हणाले, पण आवाज पडलेला होता.

कोबीवाला जवळ आला. तो मुलाला म्हणाला, "दादा, पयले कोठी मोजलती गाडी?"

"आमच्या जिनिंगवर."

"अच्छा, अच्छा." कोबीवाल्यानं टेम्पोवरची ताडपत्री ओढून घेतली. "मंग ठीक हाये. थ्या काट्यावर तं हत्ती चढवला तं बकरी होऊन उतरते." आणि टेम्पो चालू करून निघूनही गेला.

काटेवाला खाली मान घालून हसत होता. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं आणि पटकन दुसरीकडं पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सिंदीपासून सेलूपर्यंतच्या प्रत्येक माणसाला, बैलालासुद्धा, शेठजींच्या काट्याबद्दल जे माहीत होतं, ते फक्त दोन माणसांना माहीत नव्हतं: एक पाच वर्षांपूर्वी आलेला मी, आणि दुसरा तिथंच जन्मलेला शेठजींचा मुलगा. घरचा काटा घरच्याच माणसाला कधी मोजावा लागला नव्हता. शेकड्याला पाच-सहा किलो आपलं ठेवून घ्यायची त्या काट्याला सवय होती. त्यानं इमानदारीनं लाल गाडीतूनही तेवढं ठेवून घेतलं होतं. काट्याला मालकाची गाडी ओळखता येत नाही.

मुलानं मोबाईलवरून वडिलांना फोन लावला आणि ओरडून सांगितलं की कोल्हापूरवाल्यानं फसवलं. तिकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. आम्ही सगळे परत सिंदीला.

जिनिंगच्या आवारात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. शेवटच्या वेच्याचा कापूस येत होता. काट्यासमोर सात-आठ बंड्या रांगेत होत्या. मुलानं रांग मोडून गाडी काट्यावर घातली, उतरला, आणि दिवाणजी खिडकीतून ओरडले, "आठशे पंच्याण्णव!"

"पाहा!" मुलगा म्हणाला. "आपल्या काट्यावर बरोबर हाये."

बंड्यांवरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. एकानं बिडी पेटवायची थांबवली. तेवढ्यात शेठजी ऑफिसातून बाहेर आले. पांढरे कपडे, हातात चष्म्याची डबी. त्यांनी मुलाच्या हातातली पावती वाचली आणि घडी करून खिशात घातली. ते हुशार होते; काय झालंय ते त्यांना पावती उघडायच्या आधीच कळलं असणार.

"आपला काटा बरोबर हाये," ते रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. "थ्या रस्त्यावरचाबी बरोबरच असन. गाडी एका ठिकानी कमी भरते अन दुसऱ्या ठिकानी जास्त, म्हंजे गडबड गाडीतच हाये." मग माझ्याकडं वळून, अगदी गोड आवाजात: "काऊन रे? तूच काम केलं ना? मंग सांग आता सगळ्यायले, असं काऊन झालं?"

प्रश्न सोपा होता आणि उत्तर त्याहून सोपं. माझ्या हातून चूक झाली असं म्हणायचं. मग संध्याकाळच्या गाडीनं परत, कोल्हापूर, चंदगड, काजू. भाऊंचं गिऱ्हाईक टिकलं असतं, शेठजींचा काटा टिकला असता. दुसरं उत्तर खरं होतं, आणि ते तर मी मेलो तरी देणार नव्हतो. भाऊ स्कूटरला टेकून उभे होते. ते मला काहीच खुणावत नव्हते. खुणावलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "ऊन."

"काय?"

"ऊन, शेठजी. तुमचा काटा उघड्यावर आहे. लोखंड तापतं, पसरतं, आणि काटा वजन कमी दाखवतो. त्या रस्त्यावरच्या काट्यावर टिनाचं छप्पर आहे. म्हणून तिथं जास्त आलं."

हे मला कुठून सुचलं ते विचारू नका. नववीपर्यंतचं माझं सगळं विज्ञान त्या दोन वाक्यांत खर्च झालं. पण शेठजींचा चेहरा खुलला. माझी चूक नाही, मुलाची नाही, त्यांची तर नाहीच. दोष सगळा सूर्याचा, आणि सूर्य काही सिंदीत येऊन भांडत नाही.

"बरोबर!" शेठजी मोठ्यानं म्हणाले. "ऐकलं का? शिकलेला माणूस हाये. उन्हानं काटा कमी दाखवते. बस, एवढीच गोष्ट."

आणि ते ऑफिसकडं वळले. मीही सुटकेचा श्वास टाकला. मला वाटलं, आपण भाऊंचे सगळे उपकार आज एका शब्दात फेडले.

पहिल्या बंडीवर एक म्हातारा बसला होता, डोक्याला पांढरं दुपट्टं गुंडाळून. तो तिथूनच म्हणाला, "शेठजी, हे ऊन गाडीलेच लागते का? आमची बंडी बी सकायपासून उन्हातच हाये."

"कापसाची गोष्ट येगळी हाये, बाबा."

"येगळी कशी? काटा तं थोच हाये."

मागच्या बंडीवरचा उभा राहिला. "माहा कापूस काल मोजला. बाराच्या टायमाले. लय ऊन होतं, नाई का गा?"

"मी तं परवाच्या दिवशी आलतो. पाय पोळत होते माह्ये काट्यावर."

"अन मी गेल्या साली!"

रांग हसली. म्हातारा हसला नाही. तो खाली उतरला, बैलांसाठी भरून ठेवलेली बकेट उचलली आणि काट्याच्या पत्र्यावर, लाल गाडीच्या चारी बाजूंनी, पाणी ओतलं. दुसऱ्यानं आणखी एक बकेट आणली. मुलगा ओरडला, "गाडीवर नका टाकू!" पण गाडीवर कुणीच टाकत नव्हतं. सगळं काट्यालाच पाजत होते.

"आता थंडा झाला असन," म्हातारा म्हणाला. "पाहा बरं, दिवाणजी."

दिवाणजी बिचारे सवयीनं खरं बोलून गेले. "आठशे पंच्याण्णव."

"अंदरून गरम हाये वाटते अजून," म्हातारा म्हणाला. "काही हरकत नाई, शेठजी. आमी बसतो. संध्याकायी काटा थंडा झाला की मोजू." आणि त्यानं खरोखरच बैल सोडले. मग बाकीच्यांनीही सोडले. चिंचेखाली दुपट्टी अंथरली गेली, बिड्या पेटल्या, कुणीतरी शिदोरी सोडली. वरात आल्यासारखं आवार दिसू लागलं. मोठा आवाज कुणाचाच नव्हता, कुणी कुणाला चोर म्हटलं नव्हतं. शेठजींचंच म्हणणं सगळ्यांना मान्य होतं.

तासाभरानं दिवाणजींनी काट्यावर पाटी लावली: दुरुस्तीसाठी बंद. वर्ध्याहून काट्याचा मिस्त्री बोलावला गेला. दोघांनी बंड्या दुसऱ्या जिनिंगकडं वळवल्या. बाकीचे म्हणाले, मिस्त्री येईपर्यंत आम्ही आहोत.

मी शेतकऱ्यांची बाजू घेतली असं नंतर काही लोक म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो. खरं म्हणजे मी शेठजींसाठी खोटं बोललो होतो, जीव तोडून बोललो होतो. फक्त ते चांगलं जमलं नाही.

शेठजींनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. भाऊंनीच बसवलेला एसी चालू होता. मला तो गारवा आजही आठवतो, कारण मी घामानं भिजलेलो होतो.

"तुले कोनं सांगलतं तोंड उघडाले?"

"तुम्हीच विचारलंत, शेठजी."

"पाहा, पाहा, जबान कशी चालते." मग भाऊंकडं: "इतक्या वर्षांचा संबंध हाये आपला, म्हणून सांगून राह्यलो. हा माणूस तुमच्या दुकानात राहीन तं आमच्या इथलं काम तुमचं नाई. अन हा गेला, तं जसं होतं तसंच. ठरवा तुमी."

भाऊ म्हणाले, "बरं, शेठजी." एवढंच. "बरं" म्हणजे नेमकं काय, ते माझ्या मेंदूनं पुढचा तासभर सगळ्या बाजूंनी तपासलं आणि प्रत्येक वेळी एकच अर्थ निघाला.

त्या गाडीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव तिच्यात अडकायला नको. ती वरच्या गटातच पळाली. त्या गटातल्या बाकीच्या गाड्या काचा वर करून, आत गारेगार, आरामात पुढं गेल्या. शेठचा मुलगा मात्र भट्टीतून निघाल्यासारखा लालबुंद होऊन उतरला, आणि गाडी व मालक एका रंगाचे झाले, असं तिथं गेलेला एक पोरगा सांगत होता. एप्रिलमध्ये माझं पोतं नागपूरला गेलं आणि कुणीतरी तो एसी पुन्हा बसवला. हीटरसुद्धा बसवला म्हणतात. पैसे दिले होते ना त्याचे.

तर, स्कूटर. भाऊ चालवत होते, मी मागं. मी मनात पेटी भरायला घेतली होती. ह्या वेळी नीट घड्या घालून. वहिनींना काय सांगायचं, कूलरचा पंप नवा बसवला होता तो पुढच्या माणसाला सांगून जायचा की नाही, सगळं. सेलूला भाऊंनी चहाच्या टपरीवर स्कूटर थांबवली. दोन कट चहा मागवले. एक घोट घेतला आणि म्हणाले:

"ऊन?"

मी मान खाली घातली.

"अबे, खोटं बोलाचं तं जरा पाहून बोलाव. समोर सात बंड्या उन्हात उभ्या हाये, अन हा म्हनते ऊन!"

"घाबरलो होतो, भाऊ."

"मी नोतो घाबरलो? मी बोललो का काही?" पुन्हा एक घोट. मग त्यांच्या मिशा हलल्या. "बकेट आणली ना म्हाताऱ्यानं. काट्याले पाणी पाजे लेकाचा." आणि ते हसायला लागले. चहा सांडला, टपरीवाल्यानं वळून पाहिलं, तरी हसत राहिले. मला हसू येत नव्हतं. ते थांबल्यावर मी विचारलं, "भाऊ, मग मी आज रात्रीची गाडी धरू का?"

"कोणती गाडी?"

"शेठजी म्हणाले ना. मी गेलो तर काम राहतं."

भाऊंनी ग्लास ठेवला. "काढून फेकाले तू का हीटर हाये?" मग आवाज उतरला. "जिनिंगचं काम गेलं, समज. उन्हाळा जड जाईन. तुह्या वहिनीले मी सांगतो, तू काही बोलू नको. तू बोलला का भानगड होते. अन उद्या जरा लवकर उठजो, गिरडच्या एका मास्तरची गाडी येऊन राह्यली. कूलिंग बिलकुल नाई म्हणे."

मला आभार मानायचे होते. त्यासाठी कुठले शब्द वापरतात ते आठवेना. आमच्या घरी ते कधी कुणी वापरले नव्हते. मी नुसता दोन्ही ग्लास उचलून टपरीवाल्याला नेऊन दिले.

परत आलो तर भाऊ स्कूटरशेजारीच उभे होते. चावी भोकात घालायला ते दोनदा चुकले, मग ती त्यांनी माझ्यापुढं धरली.

"तू चालव," ते म्हणाले. "माह्यानं होत नाई आता."

गिअरची स्कूटर मी तोवर फक्त मागं बसून पाहिली होती. हे सांगायची ती वेळ नव्हती. भाऊ मागं बसले, मी किक मारली, आणि वर्ध्यापर्यंत आम्ही दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही.